आवाज थांबला, म्हणजे कारण सापडलं?

पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं, की गाडीखालून ‘खट’ असा आवाज येतो. गॅरेजमध्ये लिंक रॉड बदलला जातो, आवाज जातो आणि काही दिवसांनी परत येतो. मग लोअर आर्म, त्यानंतर शॉकअॅब्सॉर्बर. एकेक भाग नवा होत जातो, खटखट मात्र जुनीच राहते. मालकाला यात फक्त खर्च दिसतो. पण प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे: ‘हेच कारण’ असं म्हणण्याचा अधिकार माणसाला केव्हा मिळतो?

न्यायदर्शनाने या प्रश्नावर शतकानुशतकं डोकं चालवलं. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त कारणाची व्याख्या अगदी आटोपशीर आहे: कार्याच्या आधी जे नियमाने असतं, ते कारण. मात्र नुसतं आधी असणं पुरत नाही, हे नैयायिक जाणून होते. त्यासाठी त्यांनी कुंभाराच्या गाढवाचं उदाहरण दिलं. गाढवाने माती वाहून आणली, मग घडा घडला. तरी गाढव घड्याचं कारण नव्हे, कारण माती डोक्यावरून आणली असती तरी घडा झालाच असता. अशा गोष्टींना ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात.

गॅरेजमध्ये हे गाढव सहज शिरतं. लिंक बदलताना चाक उतरलं, शेजारचे बोल्ट सैल करून पुन्हा आवळले गेले. आवाज नव्या लिंकमुळे गेला की आवळलेल्या बोल्टमुळे? बिलावर लिंकचं नाव येतं, इतकंच.

यावर उपाय अन्वय-व्यतिरेकाचा: एक गोष्ट असताना दुसरी असते का आणि नसताना नसते का, हे तपासायचं. भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो आणि अनेकींत दोन्ही बाजूंना जोडणारा, दोन्ही टोकांना लिंक रॉड असलेला स्टॅबिलायझर बार. दोन्ही चाकं एकदम वर उचलली गेली, तर हा बार आपल्या रबरी बुशांत नुसता फिरतो. एकच चाक उचललं गेलं, की त्याला पीळ बसतो आणि लिंकवर ताण येतो. म्हणून रुंद गतिरोधक सरळ ओलांडताना गाडी गप्प राहिली आणि एका बाजूच्या खड्ड्यात वाजली, तर संशय बारकडे वळतो. ब्रेक लावताना वाजली तर लोअर आर्मच्या बुशकडे, उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवताना वाजली तर स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगकडे. यापुढे दोन्ही लिंक सोडवून त्याच रस्त्यावर अगदी हळू फेरी मारता येते. आवाज गेला तरी निकाल पुरा होत नाही. लिंक सुटली, की बारवरचा पीळही जातो, म्हणजे बारचा बुशही आरोपीच राहतो. इथे घाई करणारा माणूस चुकतो.

कानावरही फार विसंबता येत नाही. आवाज पत्र्यातून आणि सांगाड्यातून पसरतो. उजवीकडची खटखट डावीकडे ऐकू येते. प्रत्यक्ष ज्ञानही तपासून घ्यावं लागतं, ते असं.

नवा बुश लवकर फाटतो, त्यामागेही बरेचदा कारण असतं. गाडी जॅकवर उचललेली आणि चाकं लोंबकळत असताना लोअर आर्मचे बोल्ट पक्के आवळले, तर गाडी जमिनीवर येताच बुशमधल्या रबराला कायमचा पीळ बसतो. पुष्कळ गाड्यांत हे बोल्ट शेवटी चाकांवर वजन आल्यावरच आवळायचे असतात. फाटलेला बुश तेव्हा खटखटीचं कारण असतो आणि आवळण्याच्या पद्धतीचं कार्यही. केवळ बुश बदलणारा अर्ध्यावर थांबलेला असतो.

मग शंका घ्यायची तरी कुठवर? उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त मर्यादा घातली: शंका तोवरच, जोवर ती आपल्याच आचरणाला खोटं पाडत नाही. धुराच्या आशेने आग पेटवणाऱ्याला धूर आगीचा नसेल असं म्हणत बसता येत नाही. प्रत्येक नटावर संशय घेणारा मेकॅनिक दुरुस्ती करूच शकणार नाही. तरीही ‘अजून कळलं नाही, आणखी एकदा फिरवून बघू’ म्हणणारा मेकॅनिक अधिक प्रामाणिक असतो आणि ग्राहकाने त्याला तेवढा वेळ द्यायला हवा.

लोअर आर्मला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या बॉल जॉइंटच्या बाबतीत मात्र वाट पाहायची नसते. तो निखळला तर चाक आडवं होऊन गाडी हाताबाहेर जाते. म्हणून आवाज त्याचा असण्याची शक्यता कमी वाटली तरी चाक जॅकवर घेऊन, खाली पिंचबार घालून त्याची ढिलाई आधी पाहतात. लिंकची पाळी त्यानंतर.