पाठ कुणासाठी?



दर जून महिन्यात शाळा उघडल्या की आमच्या मनात एक जुनी आठवण जागी होते. तशी ती फार मोठी नाही. तिच्यात कुणाला मारहाण झाली नाही, कुणाचे पैसे बुडाले नाहीत. तरीही इतक्या वर्षांत ती पुसली गेलेली नाही. तिच्यातून निघणारा प्रश्न केवळ शिक्षकांचा नाही, आपणा सर्वांचा आहे असे वाटल्याने ती आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

गोष्ट २००३ सालची. आम्ही पाच जणी डी.एड. करीत होतो. (आता या अभ्यासक्रमाला डी.एल.एड. म्हणतात.) शिकवण्याचा सराव करण्यासाठी आमच्या गटाला पोलादपूर तालुक्यातील जिल्हा परिषदेची एक शाळा मिळाली होती. सकाळी महाडच्या स्थानकात एस.टी. पकडायची, पोलादपूरला उतरायचे आणि पुढची गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर छत्री उघडून चालू लागायचे. खाली सावित्री नदी, वर महाबळेश्वरच्या डोंगरावरून उतरणारे धुके. शाळा द्विशिक्षकी होती. दोन खोल्या, चार इयत्ता, एक गुरुजी आणि एक बाई. तिसरीच्या पटावर १९ मुले होती.

ज्यांनी हे शिक्षण घेतलेले नाही, त्यांना सराव पाठ म्हणजे काय ते थोडक्यात सांगावे लागेल. आदल्या रात्री टाचण काढायचे. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, गृहपाठ, सगळे रकाने भरायचे. तक्ते रंगवायचे, पुठ्ठ्याची चित्रे कापायची. दुसऱ्या दिवशी ३५ मिनिटे शिकवायचे. मागे आमच्या मार्गदर्शक बाई वही घेऊन बसत. मुलांनी उत्तरे दिली की पाठ रंगला. मुले गप्प बसली की पाठ पडला. त्यावर गुण मिळत आणि ते गुण पुढे वर्षाच्या निकालात धरले जात.

तिसरीत मागच्या रांगेत भिंतीला टेकून एक मुलगा बसत असे. जवळच्या आदिवासीवाडीतला, कातकरी समाजाचा. शाळेत यायचा तो बहुतेक खिचडीसाठी, असे आम्हाला सांगण्यात आले होते आणि आम्ही ते तपासून न पाहता मानले होते. प्रश्न विचारला की तो खाली बघे. घरी तो कातकरी बोले. आमची पुस्तकी मराठी त्याला किती कळत होती, याचा विचारही आमच्या मनात आला नव्हता.

सप्टेंबर संपत आला होता. आमच्यापैकी एकीचा गणिताचा पाठ होता, हातच्याची वजाबाकी. तो चांगला व्हावा म्हणून आम्ही पाचही जणींनी आदल्या दिवशीच मुलांकडून तीच गणिते करून घेतली. कोणता प्रश्न कुणाला विचारायचा, हेही ठरले. मग प्रश्न आला मागच्या रांगेचा. बाईंनी नेमके त्यालाच उठवले तर? आम्ही त्यावरही उपाय काढला. शाळेभोवती पावसाळ्यात लावलेल्या रोपांना पाणी घालण्याचे काम त्याला द्यायचे. तो बालदी घेऊन आनंदाने निघाला. जाताना त्याला सांगितले, पाठ संपेपर्यंत आत येऊ नको.

पाठ उत्तम झाला. बाईंनी वहीत चांगला शेरा लिहिला. आम्ही एकमेकींचे अभिनंदन करीत बाहेर आलो. तो व्हरांड्याच्या पायरीपाशी उन्हात उभा होता. रोपे मोजून बारा होती, त्यांना पाणी घालून केव्हाच झाले असणार. रिकामी बालदी दोन्ही हातांत धरून त्याने विचारले, "बाई, आता येऊ का आत?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरे झाले असते, असे आज वाटते.

वाचकहो, आम्ही काय चुकलो? त्या दिवशी परतीच्या एस.टी.त आमच्यात यावरच वाद झाला. एक म्हणाली, आपण त्याला मारले नाही, ओरडलोही नाही. ते खरेच होते. पुढे १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास बंदी केली. पण त्या कलमावर बोट ठेवून पाहिले तरी आमचे कृत्य त्यात पकडता येईल असे वाटत नाही. मुलगा तर हसत गेला होता.

दुसरी म्हणाली, आपण अजून शिकतो आहोत, आपल्याकडून चुका होणारच. यातही तथ्य आहे. शिकवणे हे शिकावेच लागते. सावित्रीबाई फुले यांनीही अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर) मिस फरार यांच्या संस्थेत आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले होते. नवा डॉक्टर कुणाला तरी पहिले इंजेक्शन देतो, नवी बाई कुणाला तरी पहिला धडा शिकवते. ते टाळता येत नाही आणि त्यात पाप नाही. परंतु आम्ही जे केले ते अननुभवामुळे झाले नव्हते. त्याला वजाबाकी समजावताना आम्ही अडखळलो असतो, तक्ता उलटा धरला असता, तर ती शिकाऊ माणसाची चूक ठरली असती आणि मुलाने ती सोसली असती. आम्ही तर त्याला चुकीच्याही पद्धतीने शिकवले नाही. आमचा पाठ खराब दिसू नये म्हणून त्याला बाजूला केले. तो पाठ मुलांसाठी आहे, हेच आम्ही विसरलो. मुले पाठासाठी आहेत, असे धरून चाललो.

तिसरी म्हणाली, एकासाठी अठरा जणांचा वेळ का घालवायचा? हा प्रश्न अवघड आहे आणि प्रामाणिक शिक्षकालाही तो रोज छळतो. येथे एका परदेशी शाळेची आठवण सांगावीशी वाटते. इटलीत फ्लॉरेन्सपासून दूर डोंगरात बार्बियाना नावाची लहानशी वस्ती आहे. १९५४ साली फादर लोरेन्झो मिलानी यांची तेथे नेमणूक झाली. शेतकऱ्यांची, गुराख्यांची मुले शाळेत नापास होऊन घरी बसत. फादरांनी त्यांच्यासाठी चर्चच्याच घरात शाळा सुरू केली. तिचा नियम असा की, जो मागे आहे त्याला समजल्याशिवाय बाकीचे पुढे जाणार नाहीत. तेथील आठ मुलांनी मिळून लिहिलेले 'एका शिक्षिकेस पत्र' हे पुस्तक १९६७ साली निघाले आणि त्याच वर्षी जून महिन्यात फादर वारले. गरिबांची मुले वर्गातून कशी गळत जातात, हे त्या मुलांनी आकडे मांडून दाखवले होते. पुढे २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी बार्बियानाला जाऊन फादरांच्या कबरीपाशी प्रार्थना केली. त्या शाळेत पुढच्या मुलांचे नुकसान झाले का? मागच्याला समजावण्याचे काम तेथे मुलेच करीत. ज्याने दुसऱ्याला समजावून सांगितले, त्याला स्वतःलाही ते पक्के समजले.

आणि इटलीपर्यंत जाण्याची गरज तरी काय? आम्ही रोज ज्या महाडहून निघत होतो, त्या गावाने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकवलेला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले होते. तरी पाण्याला हात लागला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा कुठे ठरावाला अर्थ आला. त्यानंतरही कोर्टकचेरी चालली आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. त्या मुलाचे नाव शाळेच्या पटावर होते. हजेरीत त्या दिवशी तो हजर होता. कागदावर तोही शिकत होता. प्रत्यक्षात तो बालदी घेऊन बाहेर उभा होता, आणि त्याला बाहेर ठेवणाऱ्या आम्ही रोज चवदार तळ्याच्या गावातून येत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेतील गुरुजींना सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "त्याला मोजता येत नाही, असे कुणी सांगितले तुम्हाला?" मग त्यांनी त्याला हाक मारली आणि चिंचोक्यांची पिशवी त्याच्यापुढे ओतली. त्याने भराभर दहादहाचे ढीग लावले. आमच्यापैकी एकीही इतक्या वेगाने ते करू शकली नसती. त्याचे आईवडील दरवर्षी वीटभट्टीवर जात. तेथे मजुरी हजार विटांवर मिळते. विटा मोजताना तो आईबरोबर असे.

आठवड्याभराने आमच्यातील दुसरीचा पाठ होता, विषय तोच. या वेळी आदल्या दिवशी तयारी करून घेतली नाही आणि कुणालाही बाहेर पाठवले नाही. तक्ते बाजूला ठेवून चिंचोके घेतले. बेचाळीसमधून सतरा द्यायचे आहेत, सुटे दोनच आहेत, मग काय करायचे? वर्ग गप्प. मागच्या रांगेतून तो उठला, पुढे आला आणि दहाचा एक ढीग त्याने हाताने मोडला. हातचा घेणे म्हणजे दुसरे काय असते? मात्र पाटीवर मांडताना तो अडला. चार गणितांपैकी दोन बरोबर आली, दोन चुकली. वेळ संपला, संकलन राहिले, गृहपाठ देता आला नाही. त्या पाठाला आमच्या गटातील सर्वांत कमी गुण मिळाले. आमच्या मार्गदर्शक बाईंवर आमचा राग नाही. त्यांच्यापुढे रकाने होते आणि त्यातले दोन रिकामे राहिले होते.

दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही परत गेलो, तेव्हा मागच्या रांगेत भिंतीजवळ जागा रिकामी होती. वाडीतील सात-आठ घरांना कुलूपही नव्हते, नुसती दारे ओढून घेतलेली होती. कुटुंबे भट्टीवर गेली होती. आता ती पावसाच्या तोंडावर परतणार होती आणि तोवर आमचा सराव संपणार होता. आम्हाला तो पुन्हा भेटला नाही. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, ज्या मुलाच्या वाट्याला वर्षातून शाळेचे चारच महिने येतात, त्याचा एक दिवस आम्ही रोपांना पाणी घालण्यात घालवला होता.

अशा मुलांसाठी काही करता येते, हेही सांगितले पाहिजे. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुरांची तात्पुरती झोपडी. मूल शाळेपर्यंत येत नाही, तर शाळा मुलापर्यंत गेली. हे काम मोठे आहे, आम्हा सर्वांच्या हातून होईलच असे नाही. पण वर्गात आलेल्या मुलाला बाहेर न पाठवणे, एवढे तर प्रत्येकाच्या हातात आहे.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. त्याला बाहेर पाठवण्याची कल्पना नेमकी कुणाची होती, हे आम्हाला आज आठवत नाही. पाचही जणी म्हणतो, आम्ही ठरवले. एकटीने ठरवायचे असते, तर कदाचित कुणाचेच मन धजले नसते. पाच जणींत वाटून घेतल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला इतका थोडा दोष आला की, तो जाणवलाच नाही. त्या मुलाच्या वाट्याचे ऊन मात्र वाटले गेले नाही. ते त्याने एकट्याने सोसले.

म्हणूनच हा प्रश्न शाळेपुरता नाही. घरी पाहुणे येतात, तेव्हा आपण हुशार मुलाला पुढे करतो आणि दुसऱ्याला आत जाऊन बसायला सांगतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात पाहणीला कुणी येणार असले की, प्रश्न ठरलेल्या मुलांनाच विचारले जातात. नाताळच्या कार्यक्रमात अडखळत बोलणाऱ्याला पडदा ओढायचे काम मिळते. म्हातारी माणसे, आजारी माणसे, ज्यांच्यामुळे आपले चित्र जरा बिघडेल असे वाटते, त्या सर्वांना आपण गोड बोलून एखादे काम देतो आणि बाहेर ठेवतो. आपण कुणाला दुखवले, असे आपल्याला वाटतही नाही, कारण ती माणसे हसत जातात.

नवे शालेय वर्ष सुरू झाले आहे. आपल्यापैकी कुणी शिक्षक असतील, कुणी शिक्षक होऊ घातलेले असतील, बहुतेक जण आईवडील आहेत. आपला पाठ रंगला, आपला कार्यक्रम छान झाला असे कुणी म्हणेल, तेव्हा एकदा दाराबाहेर पाहून यावे. कुणी बालदी घेऊन पायरीपाशी उभे तर नाही ना? असेल तर त्याने विचारण्याची वाट पाहू नये. आपणच म्हणावे, ये, आत ये.