गरज कोणाची, गरजू कोण?

२०२५ च्या प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारी क्रुसाची वाट आटोपून बाहेर पडत असता आमच्या धर्मग्रामातील एका मातेने आम्हांस थांबविले. महिनाअखेर चिठ्ठ्या निघणार आहेत, मुलाची आठवण प्रार्थनेत ठेवा, असे ती म्हणाली. प्रथम आम्हांस वाटले, घरांची सोडत असेल. चौकशी करता कळले की चिठ्ठ्या अमेरिकेच्या व्हिशाच्या होत्या. मुलगा पुण्यातील एका संगणक कंपनीत नोकरीस होता आणि कंपनीने त्याचे नाव तिकडे नोंदविले होते. आम्ही होकार दिला, प्रार्थनाही केली. परंतु घरी परतताना एक प्रश्न मनातून जाईना. परदेशी कुशल माणसांवाचून आमचे अडते, असे तेथील उद्योग गेली पस्तीस वर्षे सांगत आला आहे. मग ज्याच्यावाचून खरोखर अडते, त्याला आणण्याचे काम चिठ्ठीवर कसे सोपविले जाते? घरात माणूस अत्यवस्थ असता वैद्याला चिठ्ठी टाकून कोणी बोलावतो काय?

माणूस कंपनी निवडते आणि चिठ्ठी सरकार टाकते, हे आम्हांस ठाऊक आहे. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने ‘एच-१बी’ नावाचा हा व्हिसा निर्माण केला आणि वर्षाला ६५ हजारांची मर्यादा घातली. पुढे सन २००० च्या संगणकीय संकटाची धास्ती पसरली, मागणी वाढली, आणि मर्यादा आधी १ लाख १५ हजारांवर व मग तीन वर्षांसाठी १ लाख ९५ हजारांवर नेण्यात आली. त्यानंतर बाजार कोसळला आणि ती वाढीव मर्यादा भरलीच नाही. २००४ पासून मूळ ६५ हजार आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, असे प्रमाण ठरले. २०२५ च्या मार्चमधील सोडतीत सुमारे ३ लाख ४४ हजार पात्र नोंदी होत्या. त्यांतून १ लाख २० हजार निवडल्या गेल्या. तिघांमागे एक. आमच्या मातेला हा हिशेब कोणी सांगितला नव्हता, आणि आम्हीही सांगितला नाही.

‘गरज’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. लावणीच्या दिवसांत आपल्यातील शेतकरी हमखास म्हणतो की मजूर मिळत नाहीत. त्याचे म्हणणे खोटे नसते, पण ते अपुरे असते. ‘मी देतो त्या मजुरीत मिळत नाहीत’, हे उरलेले अर्धे वाक्य तो गिळतो. मजुरी वाढविली, पाणी-सावलीची सोय केली, तर कोणीतरी येतेच. आणि जो मजूर बाहेरगावाहून आला आहे, आपल्याच पडवीत निजतो, दुसऱ्या शेतावर जाऊ शकत नाही, तो अधिक ‘कष्टाळू’ वाटतो. हे आम्ही दुसऱ्यांविषयी बोलत नाही. आमच्या अंगणातले बोलत आहोत.

तोच निकष तिकडे लावून पाहावा. पुष्कळांचा समज असा की अमेरिकन माणूस मिळाला नाही हे सिद्ध केल्यावरच कंपनीला परदेशी माणूस आणता येतो. या व्हिशाच्या बाबतीत बहुतेक कंपन्यांवर असे बंधन कायद्याने घातलेलेच नाही. जिच्या नोकरवर्गात असे परदेशी कर्मचारी मोठ्या प्रमाणात आहेत, तिच्यावर ते आहे. पण वर्षाला ६० हजार डॉलर पगार दिला की तीही त्यातून सुटते. हा आकडा १९९८ चा आहे. त्या काळी तो चांगला पगार होता. पंचवीस वर्षे लोटली, महागाई कोठल्या कोठे गेली, आकडा जागचा हलला नाही. स्थानिक दराप्रमाणे वेतन द्यावे असा नियम आहे खरा, परंतु त्या दराच्या चार पायऱ्या ठरविल्या गेल्या आणि सर्वांत खालची पायरी इतकी खाली होती की त्या गावात तेच काम करणाऱ्या शंभरांपैकी ऐंशीहून अधिक जण तिच्याहून जास्त मिळवीत. २०१९ च्या सरकारी नोंदी तपासणाऱ्या अभ्यासकांना आढळले की मंजूर झालेल्या जागांपैकी सुमारे साठ टक्के खालच्या दोन पायऱ्यांवरच्या होत्या. दुर्मिळ गुणवत्तेला कोणी खालच्या पायरीवर बसवितो काय?

डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक नॉर्मन मॅटलॉफ यांनी १९९८ मध्येच अमेरिकन संसदेच्या समितीसमोर सांगितले होते की माणसांचा तुटवडा नाही. वय वाढलेल्या, म्हणून महाग झालेल्या प्रोग्रॅमरांना उद्योग दारात उभे करीत नाही. उलट २००८ मध्ये बिल गेट्स यांनी तशाच समितीसमोर हे व्हिसे वाढविण्याची मागणी केली. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतील. २०१५ मध्ये मात्र ओरलँडो येथील डिस्ने उद्यानाची हकीकत वृत्तपत्रांत आली. तेथील सुमारे अडीचशे संगणक कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्यात आले होते, आणि त्यांच्यापैकी अनेकांना जाण्यापूर्वी, भारतातून आलेल्या आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवावे लागले. कंपनीने नव्या नोकऱ्याही निर्माण केल्याचे सांगितले. पण जो माणूस शेजारी बसून दुसऱ्याला शिकवतो आहे त्याच्याजवळ ते कौशल्य नव्हते, असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? आणि तो शिकणारा मुलगा? कदाचित आपल्याच एखाद्या घरातला असेल. त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांची मने त्या दिवसांत काय म्हणत असतील, याचा विचार आम्हांस पुष्कळ वेळ अस्वस्थ करून गेला.

म्हणून काय उद्योगाचे सारेच म्हणणे लबाडीचे? आम्हांस तसे वाटत नाही. नोकऱ्या म्हणजे टोपलीतल्या भाकऱ्या नव्हेत, की पाहुण्याने एक घेतली म्हणजे घरच्याची एक कमी झाली. बर्कलेच्या ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की सिलिकॉन व्हॅलीतील उच्च तंत्रज्ञानाच्या कंपन्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश चिनी व भारतीय अभियंते चालवीत होते. त्यांनी तिथल्या माणसांनाही काम दिले. विशिष्ट विषयात आयुष्य घातलेला माणूस जगात कोठेही असो, त्याला बोलावण्याची गरज खरी असते. पण असे लोक थोडे. त्यांच्या नावाने जी दारे उघडली, त्यांतून आत घेतलेले बहुतेक जण साधे, चांगले, मेहनती कारागीर आहेत. आमच्या मते उद्योगाला त्यांच्या कौशल्याइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, गरज आहे ती त्यांच्या न जाऊ शकण्याची.

हे कठोर वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. हा व्हिसा मालकाशी जोडलेला असतो. सन २००० पासून मालक बदलण्याची सोय झाली, परंतु कायम वास्तव्याचा अर्ज जुन्या मालकाने केलेला असतो आणि तो मध्येच सोडणे जिवावर येते. एका देशाच्या लोकांना नोकरीवर आधारित अशा परवान्यांपैकी सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. आणि एच-१बीच्या मंजूर अर्जांत दहांपैकी सात भारतीयांचे. परिणामी रांग कित्येक दशकांची. मूल लहानपणी तिकडे गेलेले असते, एकविसावे वर्ष लागले की ते आईबापांच्या अर्जातून गळण्याची भीती. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधावी, नाही तर सामान बांधावे. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटाने ११ हजार आणि २०२३ च्या जानेवारीत गूगलने १२ हजार माणसे कमी केली, तेव्हा किती स्वयंपाकघरांत ते साठ दिवस मोजले गेले असतील! असा माणूस पगारवाढ मागताना दहा वेळा विचार करतो. मायक्रोसॉफ्टचे आजचे प्रमुख सत्या नडेला यांची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. कायम परवाना मिळाल्यावर पत्नीला आणणे वर्षानुवर्षे लांबणार, पण एच-१बीवर ती लवकर येऊ शकणार, हे कळल्यावर १९९४ मध्ये त्यांनी तो कायम परवाना परत केला. कुटुंब की स्थैर्य, अशी निवड करावयास लावणाऱ्या कायद्याला काय म्हणावे!

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या परिपत्रकात स्थलांतरित कामगारांचा स्वतंत्र विचार केला आहे. माणसाला देश सोडून जाण्याचा हक्क आहे. तो गेल्याने मायदेशाचे नुकसानही होते. आणि नव्या देशात त्याच्या परकेपणाचा फायदा उठविणे अन्याय आहे, असा त्यांचा आशय. जुन्या करारातील अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मजुरावर जुलूम न करण्याची आज्ञा आहे, आणि तेथे बांधव व परका या दोघांचा उल्लेख एकाच आज्ञेत येतो. आम्हांस यात मोठे शहाणपण दिसते. परक्याला स्वस्त ठेवता आले की बांधवाची मजुरीही पडते. ओरलँडोचा माणूस आणि आपला मुलगा यांना एकमेकांचे वैरी म्हणून उभे करणे मालकाला सोयीचे, राजकारण्याला त्याहून सोयीचे.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी अशा नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा केली. सुट्टीवर आलेली मुले रात्रीतून विमानतळाकडे धावली. नंतर खुलासा झाला की जुन्यांना ते लागू नाही. एका अर्थी ही गरजेची कसोटीच म्हणावी: खरी निकड असेल तर मोजा पैसे. परंतु तेवढी रक्कम मोठी कंपनी मोजील, खेड्यातले रुग्णालय कोठून मोजणार? आम्हांला विचाराल तर शुल्कापेक्षा सोपी कसोटी होती. व्हिसा मालकाच्या हाती न देता कामगाराच्या हाती द्यावा, वेतन मधल्या पायरीच्या खाली जाऊ देऊ नये, आणि मग किती कंपन्या चिठ्ठ्या टाकावयास येतात ते पाहावे. ज्या येतील त्यांची गरज आम्ही निमूटपणे मान्य करू.

आपल्या बाजूचेही बोलले पाहिजे. आखाताची वाट आपण अशीच धरली, जहाजांचीही. बंगले उभे राहिले, कर्जे फिटली. त्या पैशाला आम्ही नावे ठेवणार नाही. पण लग्नाच्या बाजारात व्हिसा पाहिला जातो, आणि चिठ्ठी न निघालेला मुलगा घरात उगाच अपराध्यासारखा वावरतो, हे बरे नव्हे. तिकडच्या कंपनीने त्याचे नाव काढले नाही म्हणून त्याची कोणाला गरज नाही, असे कोणी ठरविले?

त्या मातेच्या मुलाची चिठ्ठी निघाली नाही. ईस्टरनंतर ती भेटली तेव्हा आमच्याकडे पाहून थोडे ओशाळल्यासारखे हसली, जणू प्रार्थना वाया घालविल्याचा दोष तिचाच. पुढे कळले की ज्या कामासाठी त्याला तिकडे न्यावयाचे होते ते काम कंपनीने पुण्यातच आणले. आता तो अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे रात्री दोनपर्यंत बसतो, पगार इकडचा. शनिवारी घरी येतो आणि रविवारी सकाळच्या मिस्सेला, झोप न झालेल्या डोळ्यांनी, आईच्या शेजारी बसलेला दिसतो.