रांधायचं कुणासाठी?



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १३.

या श्लोकात भगवंत जरा कडकच बोलतात. यज्ञ करून उरलेलं खाणारे पापातून सुटतात आणि जे फक्त स्वतःसाठी रांधतात ते पापच खातात, असा त्याचा भाव. वाचलं की टोचतं. मी माझ्यापुरता डबा केला, महिनाअखेर चार पैसे बाजूला टाकले, तर त्यात पाप कसलं? साठवणंच चूक आहे का?

याचं उत्तर मला आपल्या देहातच सापडतं. कारण देहही साठवतो. जेवण झालं की रक्तातली साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, आणि यकृत व स्नायू ती साखर ग्लायकोजेनच्या रूपात ठेवून देतात. यकृतात साधारण १०० ग्रॅम, सगळ्या स्नायूंत मिळून त्याच्या कितीतरी पट. म्हणजे साठवणं हा दोष नाही, तो देहाचा धर्मच आहे.

खरी परीक्षा उपासाच्या दिवशी. इन्सुलिन उतरतं, ग्लुकागॉन वाढतं आणि यकृत आपलं कोठार उघडतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जेचा साधारण २० टक्के वाटा त्याला लागतो. लाल रक्तपेशींना तर साखरेशिवाय दुसरं काही चालतच नाही. स्नायूंमधली साखर थेट रक्तात येऊ शकत नाही, म्हणून या सगळ्यांची भूक यकृत भागवतं. स्नायूही मग चरबीवर भागवून घेतात, रक्तातली साखर मेंदूसाठी सोडतात.

साधारण दिवसभरात यकृताचं कोठार रिकामं होत येतं. मग ते चरबीपासून कीटोन बनवू लागतं. आणि इथे मी दर वेळी थबकते: हे कीटोन यकृताला स्वतःला वापरताच येत नाहीत! ते जातात हृदयाला, स्नायूंना, मेंदूला. रांधणारा एक, जेवणारे सगळे. रांधणाऱ्याच्या तोंडी त्यातला एक घासही नाही.

अर्थात यकृताला याचं पुण्य नाही, कारण त्याला दुसरा पर्यायच नाही. आपल्याला आहे. कोठाराला कुलूप लावायचं की ते उघडायचं, हे आपण ठरवू शकतो. म्हणून तर हा श्लोक अर्जुनाला, म्हणजेच तुम्हा-आम्हाला सांगितला. भगवंत साठवण्यावर बोट ठेवत नाहीत, ‘फक्त माझ्यासाठी’ यावर ठेवतात.

आता आपल्या एकादशीकडे बघू. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. खिचडीची प्लेट पोटात गेली की इन्सुलिन पुन्हा वर. देहाच्या हिशेबी तो उपास नाहीच. आणि ॲपवर १६ तास मोजून काही न खाल्लं, तरी या श्लोकाच्या हिशेबी तो उपास होईलच असं नाही. विचारायचं एवढंच, की मी न खाल्लेलं कुणाच्या पोटात गेलं?

(मधुमेहाची औषधं चालू असतील किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नको. देव रागवत नाही.)

आजचा संकल्प: पुढच्या एकादशीला नेहमीसारखा डबा करायचा, भरायचा, आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्या हातात द्यायचा. फोटो न काढता.

श्रीकृष्णार्पणमस्तु.