काठावरचा पाटकरी

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीची गावं आहेत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालची जमीन काही फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस तर ऊस, गहू तर गहू. ही व्यवस्था तीनशे वर्षांहून जुनी मानतात. पाण्यावर हक्क सगळ्यांचा, पण ते वाटायचं काम गावाने नेमलेल्या माणसांचं, म्हणजे पाटकऱ्यांचं. ही गोष्ट अशाच एका गावाची.

गावचा म्हातारा पाटकरी वारला. नवा नेमायला पंच बसले. वशिल्याचा माणूस नको, यावर सगळ्यांचं एकमत होतं. तेव्हा एक जण उठला आणि म्हणाला, "माझी इथं गुंठाभर जमीन नाही की सोयरीक नाही. कुणाचं पीक आलं काय अन् गेलं काय, मला सारखंच. मी तटस्थ." पंचांना हेच हवं होतं. त्यांनी त्याच्या हाती फावडं दिलं.

त्याच्या वाटपात खोट काढायला जागा नव्हती. पाटलाच्या शेताला जितकी घटका, तितकीच विधवेच्या. वेळ झाली की दार बंद. मग तो काठावरच्या बाभळीखाली जाऊन बसे.

पौषात शेपटाकडचा गहू पिवळा पडू लागला. तिथं एका म्हातारीचं शेत होतं. गाव तिला जिजी म्हणे. एका पहाटे जिजी आपल्या बांधावरून निघाली आणि पाटाच्या कडेकडेने उलटी वर चालत गेली. अर्ध्या वाटेवर तिला उताराला लव्हाळा दिसला. आजूबाजूचं गवत वाळून गेलेलं, आणि हा तेवढा हिरवागार. तिने पाटाच्या भरावाला हात लावला, तर मनगट आत गेलं. खेकड्याने बीळ पाडलं होतं. पाणी आवाज न करता ओघळीत चाललं होतं, आणि ते आजचं नव्हतं.

पाटकरी म्हणाला, "जिजी, मी कुणाचाच पक्ष घेतला नाही."

"खरंय भाऊ," जिजी म्हणाली. "पण पाण्याचा तरी घ्यायचा होतास. तू वेळ सारखी वाटलीस, पाणी नाही वाटलंस."

मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं, कारण पाटकऱ्याने जो शब्द वापरला तो आपणही कौतुकाने वापरतो. तट म्हणजे काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. काठावर उभ्या माणसाचे पाय कोरडे राहतात, पण वाहून जाणाऱ्याला हात द्यायचा तर पाण्यात उतरावं लागतं. न्याय करणाऱ्यासाठी मराठीने दुसरा शब्द जपला आहे: निःस्पृह. स्पृहा म्हणजे हाव, इच्छा. निःस्पृह माणसाला स्वतःसाठी काही नको असतं, बाकी सगळ्याची त्याला काळजी असते. 1773 साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्या खुनासाठी खुद्द पेशव्यांचे काका राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. त्यांना कुणी तटस्थ म्हणत नाही. मेलं कोण आणि मारलं कोणी, याचं ज्याला काही वाटत नाही, त्याच्याकडून असा निवाडा होत नसतो.

गावाने दुसरा पाटकरी नेमला, तो फडातलाच शेतकरी. चार जणांनी नाकं मुरडली. याचं स्वतःचं शेत आहे, भाऊबंद आहेत, हा कसला सारखं वाटणार?

हा माणूस रात्री कंदील घेऊन बंधाऱ्यापासून शेपटापर्यंत चाले. कान देऊन ऐके. पाण्याचा आवाज बदलला की खाली बसून भराव चाचपे, बीळ सापडलं की चिखल आणि पाचट ठासून बुजवी. जिजीच्या शेवटच्या वाफ्यात पाणी पोचल्याशिवाय घरी जात नसे.

एका रात्री त्याच्याच शेताची पाळी होती. वेळ संपली, तेव्हा पाण्यात उभा असलेला मुलगा ओरडला, "आबा, दोनच वाफे राहिलेत!"

"वेळ झाली," तो म्हणाला आणि त्याने फावड्याने दार बुजवलं. मुलगा तसाच उभा राहिला. बाप कंदील उचलून पाण्याबरोबर खाली निघाला.

त्या साली त्याचे ते दोन वाफे गुडघ्याएवढेच राहिले. जिजीच्या गव्हाच्या ओंब्या भरल्या. सुगीत पाटकऱ्याच्या वाट्याचं धान्य द्यायला ती पायली घेऊन खळ्यात बसली, आणि पायली शिगोशीग भरून वर तिने एक ओंजळ टाकली. पाटकऱ्याने तळहाताने माप सपाट केलं, वरचा गहू जिजीच्या राशीत सारला आणि तो पुढच्या खळ्याकडे निघाला.