बाळाची तारीख कोणी ठरवायची?



आगमनकाळ म्हणजे वाट पाहण्याचा काळ. वेदीजवळ एकेक मेणबत्ती पेटवत आपण चार रविवार मोजतो. याच दिवसांत आपल्या धर्मग्रामातील एक तरुण जोडपे मला भेटायला आले. त्यांचीही मोजणी चालू आहे. त्यांचे पहिले बाळ येऊ घातले आहे आणि डॉक्टरांनी तारीख दिली आहे १० जानेवारी. त्यांनी जो प्रश्न विचारला तो अनेक घरांत बोलला जातो, पण तो घेऊन फादरांकडे सहसा कोणी येत नाही. म्हणून त्यांच्या परवानगीने, नावे न सांगता, तो येथे मांडत आहे.

"फादर, कळा येण्याचे इंजेक्शन घेऊन बाळ नाताळच्या आठवड्यात होऊ दिले, तर ते पाप होईल का?"

कारणे विचारली तेव्हा सर्व हकिगत कळली. दोघे मोशीला भाड्याच्या खोलीत राहतात. नवरा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मशिनांच्या देखभालीसाठी लाइन बंद असते, तेवढीच त्याची सुट्टी. जानेवारीत रजा घेतली की खाडा, आणि खाडे वाढले की पुढच्या महिन्यात नाव यादीत राहील याची खात्री नाही. मुलीची आई राहाता तालुक्यातल्या गावी अंगणवाडीत मदतनीस आहे. तिला आठ-दहा दिवसच येता येईल, आणि ते कधी हे आधी कळवावे लागेल. सासूबाई गुडघ्यांच्या दुखण्याने श्रीरामपूरलाच असतात. त्यांची इच्छा आणखी वेगळी: "नाताळच्या दिवशी बाळ झाले तर केवढे भाग्य!" डॉक्टरांनी सांगितले की गरज नसताना एवढ्या लवकर करू नये, ३९ आठवडे पुरे झाल्यावर हवे तर विचार करू.

आता या प्रश्नाला उत्तर काय द्यावे? घाईने 'हो' म्हणणे सोपे, घाईने 'नाही' म्हणणे त्याहून सोपे. आपण जरा सावकाश विचार करू.

पहिली गोष्ट ही की, औषध हे देवाचे शत्रू नाही. आपल्या पिंपरीला हे वेगळे सांगायला नको. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पेनिसिलिन बनू लागले. त्याआधी बाळंतपणानंतरच्या तापाने किती आया दगावत असत, हे आपल्या आजीपणजींना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. पेनिसिलिनने तो ताप आवरला. कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचेही तसेच आहे. आईच्या शरीरातच तयार होणारा हा पदार्थ १९५३ साली प्रयोगशाळेत बनवता आला आणि त्याने अनेक आयांचे व बाळांचे प्राण वाचले. बाळंतपणाच्या वेदना कमी करणे म्हणजे देवाच्या शब्दाविरुद्ध जाणे, असे काही भाविकांना वाटत असे. पोप बारावे पायस यांनी १९५६ च्या जानेवारीत डॉक्टरांपुढे बोलताना ती शंका दूर केली. वेदना कमी करण्यात पाप नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. तेव्हा इंजेक्शन घेणे हे मुळातच पाप, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. डॉक्टर जी तारीख देतात ती शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजून काढलेली असते. तो अंदाज आहे, रेल्वेचे वेळापत्रक नव्हे. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच. सुरुवातीच्या महिन्यांत सोनोग्राफी झाली नसेल, किंवा पाळीची तारीख नीट आठवत नसेल, तर हिशेब आठवडा-दोन आठवडे चुकू शकतो. पूर्वी ३७ आठवडे झाले की दिवस भरले, असे मानत. पण ३७ व्या आणि ३९ व्या आठवड्यातील बाळांत फरक असतो, हे पुढे लक्षात आले. शेवटच्या आठवड्यांत बाळाची फुप्फुसे तयार होतात, मेंदू झपाट्याने वाढतो, अंगावर चरबी धरते, दूध ओढण्याची ताकद येते. आधी आलेल्या बाळांना श्वासाचा त्रास, कावीळ, नीट दूध न पिणे हे जास्त आढळते. म्हणून २०१३ साली अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ३९ आठवड्यांपासूनच 'पूर्ण दिवस' धरायचे ठरवले. आपल्या जोडप्याचे ३९ आठवडे भरतात ३ जानेवारीला. नाताळच्या दिवशी ३८ देखील पुरे होत नाहीत.

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१८ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिलटकरीण असलेल्या, कोणताही विशेष धोका नसलेल्या ६,१०६ स्त्रिया त्यात होत्या. काहींना ३९ व्या आठवड्यात कळा आणल्या, बाकीच्यांना वाट पाहू दिली. कळा आणलेल्यांत सिझेरियन १८.६ टक्के झाले, वाट पाहणाऱ्यांत २२.२ टक्के. बाळांच्या गंभीर त्रासात ठळक फरक दिसला नाही. म्हणजे इंजेक्शन घेतले की सीझर होतेच, हा समज बरोबर नाही. मात्र तेथे दिवसांचा हिशेब पक्का होता. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की सर्व काही ठीक असेल तर ४१ आठवड्यांच्या आत कळा आणू नयेत. डॉक्टर कळा आणण्याआधी गर्भपिशवीचे तोंड कितपत तयार आहे हे गुण देऊन पाहतात. त्या मोजणीला 'बिशप स्कोअर' म्हणतात. हे बिशप म्हणजे आपले महागुरुस्वामी नव्हेत, १९६४ साली ती पद्धत मांडणारे अमेरिकन डॉक्टर एडवर्ड बिशप होत!

आणि उलटही लक्षात ठेवा. आईचा रक्तदाब वाढला, साखर वाढली, पाणी गेले, बाळाची हालचाल मंदावली, ४१ आठवडे उलटले, आणि डॉक्टर म्हणाले की आता थांबू नका, तर "देवाच्या मनात असेल तेव्हा होईल" म्हणून घरी बसून राहणे ही श्रद्धा नव्हे. अशा वेळी डॉक्टरांचे ऐकणे हेच कर्तव्य आहे.

मग प्रश्न उरतो तो कारणाचा. अमेरिकेतील महागुरूंच्या परिषदेने कॅथोलिक रुग्णालयांसाठी जी सूत्रे घालून दिली आहेत त्यांत म्हटले आहे की, बाळ उदराबाहेर जगू शकेल इतके वाढल्यावर, प्रमाणशीर कारण असेल तर कळा आणता येतात. 'प्रमाणशीर' हा शब्द मोलाचा आहे. तराजूच्या एका पारड्यात कारण आहे, दुसऱ्यात बाळाचे न भरलेले दिवस आणि आईचे शरीर आहे. पारडी जुळतात का, एवढेच पाहायचे.

त्या तराजूत सासूबाईंची नाताळची इच्छा घालून पाहा. शेजारी मुहूर्त काढून सिझेरियन करतात तेव्हा आपण हसतो. पण २५ डिसेंबर किंवा मतमाउलीचा ८ सप्टेंबर मागणे हाही मुहूर्तच नाही का? सणाच्या दिवशी बाळ झाले तर देवाची स्तुती करू. पण सणासाठी बाळाचे पंधरा दिवस काढून घेणे हे पारडे फारच हलके आहे. बाळाला नाताळचा आशीर्वाद नाताळनंतर आल्यानेही मिळतो.

आता कारखान्याचे कारण घ्या. आपण औद्योगिक पट्ट्यात राहतो. चाकणच्या लाइनवर प्रत्येक सुटा भाग नेमलेल्या घटकेला पोहोचावा लागतो. आधी आला तर ठेवायला जागा नाही, उशिरा आला तर लाइन थांबते. त्या शिस्तीवर आपली चूल पेटते, तिला मी नावे ठेवत नाही. पण तीच शिस्त आपण नकळत प्रसूतिगृहात घेऊन जातो. शटडाउनच्या आठवड्यात बसेल असे बाळ हवे, असे म्हणू लागतो. यात त्या तरुणाचा दोष थोडा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात आईची पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. पण खासगी कारखान्यातल्या बापाला बाळासाठी एका दिवसाचीही रजा कायद्याने बांधलेली नाही. ठेक्यावरच्या माणसाने ती मागायची कोणाकडे?

हे सर्व बोलणे होईपर्यंत ती मुलगी गप्प होती. शेवटी मी तिलाच विचारले, "बाळ, तुला स्वतःला काय वाटते?" ती म्हणाली, "फादर, मला दोन्हीची भीती वाटते. सुई लावून कळा आल्या नाहीत तर सीझर करतील. आणि थांबले, तर रात्री कळा सुरू होतील, हे चाकणला नाइटला असतील, रस्ता जाम असेल, आणि मी खोलीत एकटी."

तेव्हा कुठे खरे कारण समजले. ते नाताळचे नव्हते, रजेचेही नव्हते. एकटे पडण्याची भीती हे ते कारण होते. आणि एवढा वेळ आम्ही पुरुषमंडळी तारखेची चर्चा करत होतो, जिला कळा सोसायच्या तिला कोणी विचारलेच नव्हते. माझेही त्यात चुकले.

ही भीती हलकी नाही. तिला दुसरा इलाजच नसता, तर ३ जानेवारीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने व तिच्या स्वतःच्या इच्छेने कळा आणण्याला मी मुळीच दोष दिला नसता. आजही ती तसे ठरवू शकते, तो तिच्या सद्सद्विवेकबुद्धीचा निर्णय आहे. पण इलाज आहे. तो इलाज आपण आहोत.

संत लूकचे शुभवर्तमान आठवा. रोमच्या कैसराने नावनोंदणीचा हुकूम काढला आणि दिवस भरत आलेल्या मरियेला नासरेथहून बेथलेहेमला जावे लागले. सत्तेच्या वेळापत्रकाने तिचा रस्ता ठरवला, घर सोडायला लावले. बाळाची घटका मात्र ठरवली नाही. दिवस पूर्ण भरले तेव्हाच बाळ आले. कमी पडली ती जागा आणि माणसांची सोबत. दरवर्षी आपण त्या उतारशाळेच्या मालकाला मनात बोल लावतो. यंदा आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी दिवस मोजत आहे.

मी त्या दोघांना एवढेच सांगितले: निदान ३९ आठवडे होऊ द्या, पुढचे डॉक्टर आणि तुम्ही दोघे मिळून ठरवा. नाताळची तारीख त्यांनी सोडून दिली आहे. लेकीच्या आईने कळा सुरू झाल्याचा फोन आला की निघायचे ठरवले आहे. ती पोहोचेपर्यंतचे तास आपले आहेत.

महिला मंडळाच्या भगिनींना विनंती आहे की २७ डिसेंबरपासून रोज रात्री एकीने तिच्याजवळ झोपायला जावे. मोशी-भोसरी परिसरात ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी रात्री फोन चालू ठेवावा व आपला नंबर आपल्या लघु ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखाकडे द्यावा. १०८ ची मोफत रुग्णवाहिका आहेच, पण ओळखीचा चेहरा सोबत असला की भीती अर्धी होते. जे बांधव कारखान्यात सुपरवायझर किंवा अधिकारी आहेत त्यांना एक वेगळी विनंती: तुमच्या हाताखालचा कोणी बाप होणार असेल तर त्याला आधीच विचारा, त्याची शिफ्ट बदलून द्या, दोन-तीन दिवसांचा खाडा त्याच्या नावावर चढू देऊ नका. तुमच्या एका सहीने एखाद्या बाळाला त्याचे पुरते दिवस मिळू शकतात.

आणि आपल्या घरी सून किंवा लेक गरोदर असेल तर आज मिस्सेहून गेल्यावर तिला विचारा: "तुला कशाची भीती वाटते?" उत्तर मिळेपर्यंत थांबा.

पवित्र मरिया, जिने पूर्ण दिवस वाट पाहिली, ती आपल्या सर्व गरोदर भगिनींना सांभाळो. आमेन.