डबलसीटचं गणित

गेल्या पावसाळ्यात आई माझ्या गाडीवरून पडली. गाडी म्हणजे स्कूटर, पुण्यात हे वेगळं सांगावं लागत नाही. आम्ही मंडईतून भाजी घेऊन येत होतो. वेग फार तर ताशी वीस असेल. वळणावर ओल्या रस्त्यावर मागचं चाक सरकलं. मी पाय टेकवून गाडी सावरली, पण एका बाजूला पाय सोडून बसलेली आई घसरली. आधी कोपर टेकलं, मग खांदा, मग डोकं. डोकं नेमकं हातातून सुटलेल्या पिशवीवर आपटलं, आणि पिशवीत वर मेथीच्या जुड्या होत्या.

माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं. आईच्या डोक्यावर स्कार्फ.

कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. घरी आल्यावर आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. बाबा म्हणाले, “जिवावरचं शेपटीवर निभावलं.” आई म्हणाली, “काही झालं नाही ना? मग विषय संपला.” आणि ती मेथी निवडायला बसली.

माझा विषय मात्र संपेना. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी सिस्टीम दोन मिनिटं बंद पडून आपोआप सुरू झाली, कुणाचं काही नुकसान झालं नाही, तरी दुसऱ्या दिवशी अहवाल लिहावा लागतो. काय झालं, का झालं, आणि कशामुळे वाचलो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नशीब’ असं आलं, तर तो विषय बंद करता येत नाही. ऑफिसात मी हा नियम डोळे झाकून पाळतो. घरी आईला मेथीने वाचवलं होतं आणि आम्ही सगळे विषय बंद करून जेवायला बसलो होतो.

‘आजवर काही झालं नाही’ हे वाक्य आपण पुराव्यासारखं वापरतो. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सात अंतराळवीर गेले. बिघाड रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्यांमध्ये होता. ही कडी आधीच्या काही उड्डाणांमध्येही झिजलेली सापडली होती. पण ती यानं सुखरूप परत आली होती, म्हणून झीज चालण्यासारखी आहे असा समज होत गेला. चौकशी आयोगात असलेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी याच विचारावर बोट ठेवलं: मागची उड्डाणं वाचली यावरून पुढचं वाचेल असं ठरत नाही. समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांनी पुढे या प्रकरणावर मोठं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा आपल्या भाषेत सांगायचा तर, चुकीचं हळूहळू अंगवळणी पडतं आणि मग ते चुकीचं दिसतच नाही.

रॉकेट बनवणाऱ्यांचं हे होतं, तर मंडईला जाणाऱ्यांचं काय!

रोजचे धोके आपण कमी लेखतो, कारण प्रत्येक वेळी ते खरोखरच छोटे असतात. समजा, एका फेरीत जीव जाण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. हा आकडा मी फक्त हिशेबासाठी धरलाय. रोज दोन फेऱ्या, वर्षाचे तीनशे दिवस, चाळीस वर्षं. झाल्या चोवीस हजार फेऱ्या. आता शक्यता दहा लाखांत एक राहत नाही. ती साधारण बेचाळिसांत एक होते. शाळेतला एक वर्ग डोळ्यांसमोर आणा, त्यातला एक बाक रिकामा. आपण मात्र दर वेळी फक्त आजच्या फेरीचा हिशेब करतो, आणि आजच्या फेरीपुरता तो बरोबरही असतो.

दुसरी फसगत वेगाची. “इथल्या इथे तर जायचंय, हळूच जाऊ.” बारावीचं फिजिक्स आठवून बघा. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. तिथून काहीही खाली पडलं तर जमिनीवर आपटताना त्याचा वेग ताशी जवळपास वीस किलोमीटर असतो. गाडी सिग्नलला उभी असली तरी! डोकं फुटायला गाडी वेगात असावीच लागते असं नाही, रस्ता कडक असला की पुरतं.

आणि हे सगळं कागदावरचं नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ५०,०२९ दुचाकीवरची, हेल्मेट न घातलेली. आणि या पन्नास हजारांत १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते. ते मागे बसले होते.

हा शेवटचा आकडा वाचला आणि मी थांबलो.

पुण्यात हेल्मेटसक्तीला विरोध जुना आहे. त्यातला एक युक्तिवाद मला एरवी पटतो: डोकं माझं, धोका माझा, सरकारने मध्ये पडू नये. प्रौढ माणसाला स्वतःच्या जिवाबद्दल निर्णय घेण्याचा हक्क असावा, हे मी मानतो. पण हे वाक्य डबलसीट म्हणता येत नाही. त्या दिवशी वेग मी ठरवला होता, ब्रेक माझ्या हातात होता. आणि आतापर्यंत सांगितलं नाही ते सांगतो: मागचा टायर गुळगुळीत झाला होता आणि ‘पुढच्या पगाराला बदलू’ असं मी दोन महिने म्हणत होतो. धोका मी पत्करला होता. पडली आई. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ म्हणतात, आमच्याकडे उलटं झालं. ठेच मागचीला आणि शहाणपण पुढच्याला.

धोका कमी लेखणं ही फक्त गणितातली चूक असती, तर आकडे दाखवून ती सुधारली असती. पण हिशेबात आपण कुणाला धरतो, हाही प्रश्न आहे. आपल्या गल्लीत बघा: पुढे हेल्मेट घातलेला नवरा, मध्ये पोरगं, मागे बायको, दोघांची डोकी उघडी. कायद्याने मागच्यालाही हेल्मेट लागतं. पण पुढचं हेल्मेट बऱ्याचदा डोक्यासाठी नसतंच, ते चौकातल्या पोलिसासाठी असतं. मीही तसाच. नाहीतर एवढी वर्षं घरात एकच हेल्मेट का होतं?

मी आईसाठी हेल्मेट आणलं. ती म्हणाली, “अंबाड्यावर बसत नाही. ऐकू येत नाही. मंडईत ते डोक्यावर घेऊन फिरू का?” मी आकडे सांगितले, फिजिक्स सांगितलं. उपयोग शून्य. शेवटी म्हणालो, “डोकं तुझं आहे, मान्य. पण गाडी मी चालवतो. तू हे घातल्याशिवाय मी गाडी सुरू करणार नाही.”

दोन आठवडे ती रिक्षाने गेली. येताना रिक्षाचे पैसे मोजून दाखवायची. हे बरोबर केलं का, यावर मी खूप विचार केलाय. मी तिच्यावर जबरदस्ती केली का? मला वाटतं, नाही. तिला घरात बसवलं नाही, फक्त माझ्या हाताने तो धोका तिच्यावर टाकायला नकार दिला. पण हेही खरं, की तिच्याकडे दुसरी गाडी नव्हती, म्हणजे माझ्या नकाराला वजन होतं. ते वजन मला अजून खुपतं.

पंधराव्या दिवशी तिने मुकाट्याने अंबाड्याऐवजी वेणी घातली आणि हेल्मेट उचललं. जिन्यात थांबून म्हणाली, “माझ्या डोक्याचं झालं. तुझ्या झोपेचं काय?”

महिन्यातून तीन-चारदा आमचं रात्रीचं रिलीज असतं. सकाळी सातला उठलेला मी रात्री दीड-दोनला गाडी चालवत घरी येतो. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग छापून आला होता. सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचं हाता-डोळ्याचं काम, रक्तात १०० मिलीलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं ढिलं होतं. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. हे मला माहीत होतं. ऑफिसच्या ग्रुपवर त्यावरचा विनोद मीच टाकला होता.

तरीही आईला मी पटकन उत्तर दिलं, “अगं, आजवर काही झालंय का?”

वाक्य पूर्ण झालं आणि माझं मलाच ऐकू आलं. आई हेल्मेटचा पट्टा लावत होती. ती काही बोलली नाही.

आता रिलीजच्या रात्री मी गाडी ऑफिसातच ठेवतो आणि रिक्षाने येतो. दोनदा कंटाळा केला, गाडीनेच आलो. दोन्ही वेळा काही झालं नाही.