जीवदानीची गाय आणि इतिहासाची कुदळ

विरारच्या जीवदानी डोंगराचा विषय निघाला की चर्चा हल्ली दोनच वाटांनी जाते. एक रोपवेची, दुसरी ‘खऱ्या’ इतिहासाची. पहिलीवर वेळ घालवायचं कारण नाही. तेराशेहून अधिक पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्या आजींनी खुशाल पाळण्यात बसावं. दुसरी मात्र हुशारीचा आव आणते. पांडवांनी गुंफा कोरली ही थाप, मुळात तिथे बौद्ध लेणी, देवी मागाहून आली, असा निकाल देऊन ती मोकळी होते.

तिच्या बाजूने भक्कम पुरावा शेजारच्या सोपाऱ्यातच आहे. लोक ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणत, तो उंचवटा भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये खणला. आत निघाला स्तूप, आणि दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडक, शेवटचा सोन्याचा. तेव्हापासून दंतकथा म्हणजे वरची माती आणि सत्य म्हणजे खालची पेटी, हा समज हौशी अभ्यासकांच्या अंगात मुरला. इतिहासकार दामोदर कोसंबींनी घाटवाटा पायी तुडवून लेणी आणि मातृदेवतांची ठाणी यांचा संबंध दाखवला होता. त्यांचं नाव घेणाऱ्यांना पायथ्यापर्यंत जायचीही गरज वाटत नाही.

आता ही कुदळ जीवदानीच्या कथेवर चालवून पाहावी. एका महार गुराख्याच्या कळपात कुणाची तरी गाय रोज चरायला येई. राखणीचे पैसे मागायला तो तिच्यामागून माथ्यावर गेला. तिथे एक तेजस्वी बाई प्रकट झाली. ती पैसे हातावर ठेवणार, तोच हा म्हणाला, मला शिवू नका. देवी प्रसन्न झाली, त्याला मोक्ष मिळाला. पुढचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. शेवटी देवी डोंगरातल्या भोकात अंतर्धान पावते. त्या भोकात सुपारी वाहायची रीत आहे.

यात लेणं कुठे शोधणार? कथा अंतराची आहे, आणि त्यात अंतरं दोन आहेत. देवीने राखलेलं एक, गावाने गुराख्यावर लादलेलं दुसरं. राखलेलं अंतर राखणाऱ्याला कमी करता येतं. डहाणूच्या महालक्ष्मीचंच पाहा: गरोदर भक्तिणीला गड चढवेना, म्हणून देवी स्वतः विवळवेढ्याला उतरली. तरी चैत्री पौर्णिमेच्या रात्री वाघाडीचा पुजारी माथ्यावर जाऊन झेंडा लावतोच. केनियातले किकुयू लोक किरिन्यागा म्हणजेच माउंट केन्या पर्वताला न्गाई या देवाचं घर मानतात आणि त्याच्याकडे तोंड करून प्रार्थना करतात. जोमो केन्याटांच्या १९३८ च्या पुस्तकाचं नावच ‘फेसिंग माउंट केन्या’. पर्वतापासूनचं अंतर त्यांनी आपणहून राखलं. खालची सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखीव झाली, ते लादलेलं.



जीवदानीच्या कथेचं असं वाचन जातीवर पांघरूण घालतं, हा आक्षेप येईल. बहुधा उलट आहे. जिची जात कथेने आवर्जून सांगितली, ती एकच व्यक्ती कुदळवाल्यांच्या हिशेबात कुठेच येत नाही. त्यांना देवी आधीची की बुद्ध, एवढंच ठरवायचं असतं. भक्तही ‘महार’ गाळून नुसतं ‘गुराखी’ म्हणू लागले, तर देवी कशावर प्रसन्न झाली हेच कळणार नाही. आणि माणसाने आपला हात आपणच मागे घ्यावा यात प्रसन्न होण्याजोगं काय होतं, हे तिला विचारायची सोयही उरणार नाही.